सुटलेला काना

आईचा फोन आला तेव्हा मी नागपूरच्या जरीपटक्यातल्या एका छापखान्यात उभ्या उभ्या प्रूफ वाचत होते. आमच्या संघटनेच्या नव्या पत्रकाचं प्रूफ. एका गावातल्या आरोग्य उपकेंद्राला कायमचं कुलूप असतं, त्याबद्दलचं. आई म्हणाली, "दादा गेला वं." थोरल्या भावाला, म्हणजे माझ्या मामांना, ती दादा म्हणायची. मी विचारलं, "केव्हा?" ती म्हणाली, "आत्ताच. रामदासपेठेतच आहो आम्ही, दवाखान्यात. तू येऊन राहिली ना?" मी हो म्हटलं, फोन खिशात टाकला आणि... उरलेलं अर्धं पान वाचून काढलं. ‘परिस्थिती’ची शेवटची वेलांटी ऱ्हस्व पडली होती, ती दीर्घ केली. एका ठिकाणी पूर्णविराम दोनदा होता, एक खोडला. छापखान्याचे मालक सिंधी काका माझ्याकडे बघत होते. "क्या हुआ बेटा?" मी सांगितलं, मामा गेले. "अरे, तो जाओ ना!" मी म्हटलं, दोन ओळी राहिल्यात. त्या दोन ओळी मी वाचल्या, सही केली आणि मग ऑटो शोधायला बाहेर पडले. त्याला आता दीड महिना होत आला. रडू तेव्हा आलं नव्हतं, अजूनही आलेलं नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं चाललं आहे.

माझे मामा नागपूरच्या उत्तरेकडच्या एका ग्रामीण मतदारसंघाचे तीन वेळा आमदार होते. चौथ्यांदा पडले आणि त्या पडण्यात माझा हात होता. खराच हात, त्यांच्या विरोधातलं पत्रक या हातानं लिहिलेलं होतं. त्या पत्रकातलं एक वाक्य खोटं निघालं. ते खोटं आहे हे मला कळलं तेव्हा मामा जिवंत होते, बोलत होते, चहा पीत होते. दुरुस्ती छापते, असं मी त्यांना तोंडावर कबूल केलं होतं. छापली नाही. हा लेख मी त्यासाठी लिहिते आहे, बाकीचं ओघानं येईल. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असा रिवाज आहे, पण मामांबद्दल सगळं चांगलं लिहिलं तर ती आणखी एक चूक होईल आणि ती तपासायला आता ते नाहीत.

आमदार होण्याआधी ते उमरधरा गावच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. आमदार झाल्यावरही लोक त्यांना ‘सर’च म्हणत. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. हिवाळी अधिवेशन नागपुरात भरलं की गावातली माणसं सकाळच्या पहिल्या बसनं आमदार निवासातल्या त्यांच्या खोलीवर हजर. बाकीच्या आमदारांच्या खोल्यांत चहा चाले, ओळखी निघत. मामांच्या खोलीत शाळा भरे. ज्याचं काम त्यानं स्वतःच्या हातानं अर्ज लिहायचा. मामा तो लाल पेनानं तपासायचे, चुकांखाली रेघा मारायचे, वर कोपऱ्यात ‘पुन्हा लिहा’ असा शेरा मारायचे आणि कागद परत करायचे. साठी उलटलेली माणसं पलंगाच्या कडेला बसून, मांडीवर वही घेऊन तोच अर्ज तिसऱ्यांदा लिहिताना मी पाहिली आहेत. एकदा एक आजोबा वैतागले. "सर, मले पेन्शन पाहिजे, दहावीचं सर्टिफिकेट नाही पाहिजे!" खोलीत हशा पिकला. मामा हसले नाहीत. म्हणाले, "बुवा, तुमच्या अर्जात एक चूक असली का साहेबाले नाही म्हणाची जागा भेटते. ते जागाच ठेवाची नाही. लिहा पुन्हा." बुवांनी लिहिला. पेन्शन झाली की नाही मला ठाऊक नाही, पण ते वाक्य मला त्या वयातही पटलं होतं.

आणि घरी ते त्याच विधानसभेची थट्टा करायचे. सभागृहाच्या लेखी प्रश्नांचा एक साचा असतो: अमुक अमुक घडले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? मंत्र्यांचं उत्तरही साच्यातलं. हे खरे नाही. आणि पुढच्या सगळ्या उपप्रश्नांना एकच: प्रश्न उद्भवत नाही. मी सुट्टीत उमरधऱ्याला गेले की जेवताना मामा ताठ बसून सुरू करायचे, "कुमारी शाल्मली हिने ताटातील दोडक्याची भाजी पाटाखाली सरकवली, हे खरे आहे काय?" मी मंत्री. "हे खरे नाही." "असल्यास, सदर भाजी केव्हा खाण्यात येईल?" "प्रश्न उद्भवत नाही!" मामी वाढता वाढता म्हणायच्या, "उद्भवते तर! पाट उचल पहिले." मी बारा-तेरा वर्षांची असेन. मोठेपणी सरकारी उत्तरं वाचून माझा जो संताप होतो, त्याचं पहिलं शिक्षण असं पाटावर झालं.

मग आमचं बिनसलं. मामांनी सभागृहात एक अशासकीय विधेयक दिलं, म्हणजे आमदारानं स्वतःहून मांडायचा कायद्याचा मसुदा. आईवडिलांच्या लेखी संमतीशिवाय कुठल्याही लग्नाची नोंदणी होऊ नये, असं त्यात होतं. मी तेव्हा नागपुरात कॉलेजात होते, नुकतीच संघटनेत जायला लागले होते. माझ्या वर्गातली एक मुलगी तिच्या घरच्यांनी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गावी नेऊन बसवली होती, कारण तिचं एका मुलावर प्रेम होतं. ती परत आली नाही. मामांचं विधेयक वाचलं तेव्हा मला तीच दिसली. मी आयुष्यातलं पहिलं पत्रक लिहिलं, ‘आमदारसाहेब, लग्न कोणाचं आहे?’, आणि ते मामांच्याच मतदारसंघातल्या बसस्थानकावर वाटलं. त्याच दिवशी दुपारी आईनं मला ओढत त्यांच्या घरी नेलं. मामा ओसरीवर बसले होते, पत्रक त्यांच्या हातात.

"माह्या घरच्या पाटावर जेवून मोठी झाली अन् माह्याच विरोधात पत्रकं वाटून राहिली?"

"हो."

"काहून?"

"कारण तुम्ही चुकताहात."

आई मधे पडली, "दादा, पोट्टी आहे, समजत नाही तिले." मामा म्हणाले, "तिले समजते. तू नको बोलू." मग माझ्याकडे वळून, "माय-बाप काय दुश्मन असतात का वं लेकराचे? अठरा वर्षं पोसलं त्यानं एक सहीही नाही मागाची?" मी म्हटलं, सही मागणं वेगळं आणि सहीवाचून लग्न अडवणं वेगळं. बराच वेळ असंच चाललं. आवाज चढले. शेवटी मामींनी ताटं घेतली आहेत म्हणून आतून हाक मारली आणि मामा उठले. "चाल, जेव पहिले. उपाशी पोटी भांडलं का मुद्दा सुटते." जेवण झाल्यावर त्यांनी पत्रक परत दिलं. लाल पेनानं तपासलेलं. ‘पुरूष’चं ‘पुरुष’ केलेलं, ‘आशिर्वाद’चं ‘आशीर्वाद’. वर कोपऱ्यात ‘पुन्हा लिहा’. मला इतका राग आला की घरी येईपर्यंत मी तो कागद मुठीत चुरगाळत होते. ते विधेयक कधी चर्चेलाच आलं नाही. मामांनी ते मागेही घेतलं नाही. त्याबद्दलचं माझं मत आजही तेच आहे आणि ते गेले म्हणून मी ते मवाळ करणार नाही.

आता त्या वाक्याकडे येते. उमरधरा आणि पलीकडचं मोठं गाव यांच्या मध्ये नाला आहे. त्यावर पूल नाही, रपटा आहे. आमच्याकडे बुटक्या, पाण्याच्या पातळीला टेकलेल्या फरशीला रपटा म्हणतात. पाऊस झाला की ती बुडते. हायस्कूल पलीकडे. पावसाळ्यात मुलं कंबरभर पाण्यातून जातात, मुलींना घरचे पाठवत नाहीत. दोन महिने शाळा बुडालेली मुलगी तिमाहीत नापास होते, आणि नापास झालेल्या मुलीला पुढच्या वर्षी कोण पाठवतं? मामांच्या तिसऱ्या खेपेच्या शेवटी निवडणूक आली तेव्हा आम्ही हा विषय उचलला. मी रीतसर अभ्यास केला. विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या घेऊन दिवसचे दिवस बसले, मामांच्या नावावरचे बांधकाम खात्याचे आणि ग्रामविकासाचे सगळे प्रश्न वाचले. रस्ते होते, विहिरी होत्या, शाळेच्या भिंती होत्या. रपटा हा शब्द कुठेच नव्हता. मी लिहिलं: ‘पंधरा वर्षांत या माणसाने उमरधऱ्याच्या रपट्याबद्दल विधानसभेत एकही प्रश्न विचारला नाही.’ ठळक टाइपात.

ते वाक्य पत्रकातून उठलं आणि गावोगाव गेलं. मामांच्या सभांत मागून पोरं ओरडायला लागली, "सर, एक प्रश्न तरी!" मामा भाषण थांबवत, पाणी पीत, पुढे सुरू करत. उत्तर त्यांनी कधीच दिलं नाही. मतदानाच्या चार दिवस आधी माझ्या पत्त्यावर पाकीट आलं. त्यात तेच पत्रक, लाल पेनानं तपासलेलं. दोन वेलांट्या, एक स्वल्पविराम. त्या ठळक वाक्यापाशी मात्र काही नव्हतं, साधी रेघही नाही. मी ते पत्रक कार्यकर्त्यांना दाखवत फिरले. बघा, म्हटलं, या माणसाला यात खोडायला काही सापडलं नाही! मामा पडले. निकालाच्या दिवशी आई माझ्याशी बोलली नाही. मी गुलालात होते.

त्यानंतर दोन वर्षं उमरधऱ्याला माझं जाणं दिवाळीपुरतं. मामा ओसरीवर बसलेले असायचे. आमदारकी गेली तरी माणसं अर्ज घेऊन येत होती आणि ते तपासत होते. माझी विचारपूस करायचे, नवीन पत्रक मागून घ्यायचे. पडल्याबद्दल एक शब्द नाही. मग या उन्हाळ्यात देवराव भेटले. देवराव म्हणजे मामांचे स्वीय सहायक, पंधरा वर्षं त्यांच्या सावलीसारखे. कोराडीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती, बसले. इकडचं तिकडचं झालं आणि अचानक म्हणाले, "ताई, राग नका मानू. पण सरांनं प्रश्न विचारला होता."

"कोणता?"

"रपट्याचा. पहिल्याच खेपेले. तुम्ही बांधकाम खात्यात पाहिला असान. तो गृह खात्यात आहे."

मला कळेना. पोलिसांच्या खात्यात रपटा कसा जाईल? देवराव खिडकीबाहेर बघत सांगत होते. त्या वेळी मामा नवे आमदार, प्रश्नाची सूचना स्वतःच्या हातानं लिहून द्यायचे, टंकलेखकावर विश्वास नाही. घाईत एक काना सुटला. ‘रपटा’चं ‘रपट’ झालं. ‘मौजे उमरधरा येथील रपट दुरुस्त करण्याची मागणी ग्रामस्थांनी वारंवार केली, हे खरे आहे काय?’ तिकडे ज्याच्या हातात कागद पडला त्याला रपटा हा शब्द माहीत असण्याचं कारण नाही; रपट म्हणजे पोलिसातली फिर्याद, हे मात्र माहीत. प्रश्न गेला गृह खात्याकडे. यथावकाश उत्तर आलं: ‘हे खरे नाही. अशी कोणतीही रपट संबंधित पोलीस ठाण्यात दाखल नाही.’ आणि खाली, प्रश्न उद्भवत नाही. "त्याच आठवड्यात सरांनं सभागृहात एका मंत्र्याचं मराठी सुधरवलं होतं," देवराव म्हणाले. "लॉबीत लोकं लय हसले. कोणी म्हणे, सर, पहिले ठाण्यात रपट लिहा. कोणी म्हणे, मास्तर नापास. त्या दिवशी सर जेवले नाही. त्याच्यानंतर मी दर अधिवेशनात म्हणो, सर, रपट्याचा प्रश्न पुन्हा टाकू. ते म्हणत, पाहू. कधी टाकलाच नाही."

मी पुढच्या स्टॉपवर उतरले आणि उमरधऱ्याची बस धरली. मामा ओसरीवर होते. मी चप्पलही काढली नाही.

"सांगितलं काहून नाही मला?"

त्यांना लगेच समजलं. चष्मा काढून पुसला. "काय सांगू? भर सभेत सांगू का हेडमास्तरचा काना सुटला म्हणून?"

"पण मी खोटं छापलं! तुम्ही निवडणूक हरलात!"

"एक वेळ विचारला अन् तोही चुकीचा. त्याले विचारणं म्हणतात का? तुह्या वाक्यात शुद्धलेखनाची चूक नव्हती. मंग मी काय खोडू?"

मला त्यांचा राग आला, हे इथे लिहायलाच हवं. माझ्या खोट्या वाक्याची लाज वाटत होती आणि त्याच वेळी मी ओरडत होते की एका कान्यासाठी तुम्ही पंधरा वर्षं तोंड मिटून बसलात, किती पोरी घरी बसल्या तेवढ्यात? लोक हसतील म्हणून? ज्यांना पन्नासदा ‘पुन्हा लिहा’ म्हणून परत पाठवलंत, त्यांना काय सांगायचं? मामा ऐकत होते. मामी दारात येऊन उभ्या राहिल्या. मग मामा म्हणाले, "झालं?" मी म्हटलं, मी दुरुस्ती छापते, माझं वाक्य चुकलं होतं एवढी. "छाप. पण छापाच्या पहिले मले आणून दाखव. घाईत लिहशीन अन् काना सोडशीन." आणि हसले. त्यावर हसणारे ते मला पहिल्यांदाच दिसले.

दुरुस्ती म्हणजे चार ओळी. त्या चार ओळी मला जमल्या नाहीत. पत्रकं मी बसमध्ये, मांडीवर, दहा मिनिटांत लिहिते. हा मसुदा मी सहा वेळा लिहिला आणि प्रत्येक वेळी वाचताना लक्षात आलं की मी माफी मागता मागता स्वतःचा बचाव करते आहे. ‘उपलब्ध नोंदींच्या आधारे’, ‘तांत्रिक कारणामुळे’... म्हणजे मंत्र्यांचीच भाषा. मग वाटलं, आता निवडणूक नाही, घाई काय आहे. तीन महिने गेले. मामांना रामदासपेठेत दाखल केल्याचं कळलं तेव्हा मी भेटायला गेले. नाकात नळी, हाताला सुया. मला बघून डोळ्यांनीच जवळ बोलावलं.

"आणला का मसुदा?"

"लिहून राहिले, मामा."

"किती ओळी?"

"चार."

"चार ओळीले तीन महिने..." त्यांना खोकला आला. नर्सनं मला बाहेर काढलं. मी दारातून म्हटलं, सोमवारी आणते. सोमवारी मी छापखान्यात होते. त्याच सोमवारी आईचा फोन आला.

तेरावं झाल्यावर मी उमरधऱ्याला चार दिवस राहिले. आई भावाचे सदरे घडी घालत होती. घातलेली घडी मोडून पुन्हा घालत होती. तिनं मला एकदाही काही ऐकवलं नाही, ऐकवलं असतं तर बरं झालं असतं. ओसरीवरचं टेबल तसंच होतं, आणि माणसं अजून येतच होती. सर गेले हे माहीत असूनही अर्ज टेबलावर ठेवून, दोन मिनिटं बसून जात. मामींनी मला टेबलाचा खण उघडून दिला. आत सरकारी उत्तरांची एक जुनी पुस्तिका होती, एका पानाचा कोपरा दुमडलेला. ‘रपट’ या शब्दापुढे लाल शाईत काना काढलेला, आणि वर कोपऱ्यात, बुवांच्या अर्जावर मारायचे त्याच अक्षरात, ‘पुन्हा लिहा’. स्वतःलाच मारलेला शेरा. त्या पानाखाली कोरा कागद होता. पुन्हा लिहायला घेतलेला, तो कोराच राहिला होता.

तर दुरुस्ती अशी. ‘पंधरा वर्षांत या माणसाने उमरधऱ्याच्या रपट्याबद्दल विधानसभेत एकही प्रश्न विचारला नाही’ हे माझं विधान चुकीचं होतं. एक प्रश्न विचारला होता. त्यात एक काना सुटला होता, आणि तो पुन्हा विचारला गेला नाही. ज्यांना आम्ही निवडून आणलं त्या नव्या आमदारांनीही तो विचारलेला नाही. या वेळी मी गृह खात्याच्या याद्याही पाहिल्या. रपटा याही पावसाळ्यात बुडला. ही दुरुस्ती तपासून घ्यायची राहून गेली, तेव्हा तिच्यात काही चूक असेल तर ती माझी.

निघायच्या दिवशी सकाळी मी मामांच्या खुर्चीत न बसता, बाजूच्या बाकावर, जिथे अर्जवाले बसतात तिथे बसले आणि तो कोरा कागद पुढे घेतला. नव्या आमदारांकडे न्यायचा प्रश्न लिहिला, साच्यातच. मौजे उमरधरा येथील रपटा दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो, हे खरे आहे काय? असल्यास... मामी चहा घेऊन आल्या, वाकून बघितलं. "झाला?" "झाला." त्यांनी टेबलावरचं लाल पेन उचलून माझ्यापुढे धरलं. "मंग तपास. तसाच नको नेऊ." मी ओळीवरून बोट फिरवत गेले. काना होता. निळ्या शाईत, स्पष्ट. तरी खात्री म्हणून मी लाल पेन त्याच्यावरून फिरवलं, मग आणखी एकदा, जरा जोरात... आणि त्या जागी कागद फाटला. मामींनी खणातून दुसरा कागद काढून दिला आणि मी तो प्रश्न पुन्हा लिहायला घेतला.